रायपूर-मुंबई : एका अंतराची तीन उत्तरं

मुंबई किती लांब, या प्रश्नाला आमच्या रायपूरच्या शंकर नगरातल्या घरात तीन उत्तरं आहेत. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले, ते म्हणतात, नागपूरमार्गे ११४० किलोमीटर. अंधेरीची लेक म्हणते, ‘आई, पावणेदोन तास गं!’ मी भूगोल शिकवला, म्हणून माझं उत्तर ९५५ किलोमीटर.

पृथ्वीगोलावर रायपूर आणि मुंबई यांच्यामध्ये दोरा ताणून धरला की तो जिथून जाईल, ती सर्वांत जवळची वाट. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून सांगतात ते हेच. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून त्यांच्या हिशेबी मुंबई ५१५ मैलांच्या आसपास.

आता भागाकार करा. जेट विमान उंचीवर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातं. म्हणजे सत्तर मिनिटांत मुंबई यायला हवी! मग तिकिटावर पावणेदोन तास का? कारण तिकिटावरचा वेळ नुसता उडण्याचा नसतो. रायपूरच्या माना विमानतळावर विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि मुंबईत ते जागेवर उभं राहिलं की थांबतं. उंची गाठायला वीसेक मिनिटं जातात, तेव्हा वेग कमी असतो. उतरणं तर मुक्कामाच्या दोनशे किलोमीटर आधीच सुरू होतं. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. रांग लागते, आणि ती आकाशात घिरट्या घालून काढावी लागते. कंपन्या हा उशीर आधीच वेळापत्रकात धरतात. मग विमान ‘वेळेआधी’ पोचलं की प्रवासी खूश!

वाऱ्याचाही हिशेब असतो. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. वारा ताशी शंभरचा असला, तर मुंबईकडे जाताना जमिनीच्या हिशेबात ८३० चे ७३० उरतात आणि परतताना ९३० होतात. लेकीकडून येताना प्रवास लवकर संपतो तो त्यामुळे. माहेरची ओढ वगैरे काही नाही.

नागपूरचं मात्र वेगळं. सरळ रेषेत जेमतेम २८० किलोमीटर. विमान उंचीवर पोचतं न पोचतं तोच उतरायची वेळ. त्यात मान्यापर्यंतचा रस्ता, तपासणी, ताटकळणं धरा. इथे ह्यांचं म्हणणं मला मान्य आहे: नागपूरला गाडीच बरी. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आमच्यासारख्या रायपूरच्या मराठी घरांची नाती त्याच वाटेवर पसरलेली आहेत, आणि मधल्या गोंदियाला उतरायचं तर असतंच.

मुंबईला जाताना मला आवडतं ते संध्याकाळचं विमान. मुंबई रायपूरच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला आहे. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथे साधारण पस्तीस मिनिटं उशिरा मावळतो. या अक्षांशावर पृथ्वी ताशी सुमारे १५६० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते, आणि विमान त्याच्या निम्म्या वेगाने उलट दिशेला पळतं. त्यामुळे संधिप्रकाश जवळजवळ दुप्पट वेळ टिकतो. मे महिन्यात जाणार असाल, तर उजवीकडची खिडकी मागून घ्या. डावीकडून तो तेवढा दिसत नाही.