मेसेजिंग ॲप कोणत्या भाषेत लिहायचं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिरकरवाडा बंदरातले नौकामालक, तांडेल, बर्फवाले आणि लिलाव करणारे यांच्यासाठी मराठीतून चालणारं मेसेजिंग ॲप करावं, ही कल्पना रत्नागिरीतल्या इंजिनीअरिंगच्या कुठल्याही वर्गात सुचण्यासारखी आहे. ती सुचली की पहिला वाद भाषेवरून पेटतो: कोटलिन, फ्लटर की रिॲक्ट नेटिव्ह? खरं तर असं ॲप चालणार की पडणार, हे ठरवणाऱ्या गोष्टींत भाषेचा नंबर बराच खाली लागतो.

गैरसमज १: व्हॉट्सॲप अर्लांगमध्ये लिहिलंय, म्हणून आपणही अर्लांगच शिकावी.

वस्तुस्थिती: अर्लांग आहे ती व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर, तुमच्या फोनवर नाही. एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास ही भाषा टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली गेली. असंख्य कनेक्शन एकाच वेळी सांभाळायची आणि एक तुटलं तरी बाकीच्यांना धक्का लागू द्यायचा नाही, हे तिचं बळ. २०१२ च्या सुरुवातीला एका सर्व्हरवर २० लाखांहून अधिक कनेक्शन पेलल्याचं व्हॉट्सॲपने जाहीर केलं होतं. बंदरापुरत्या ॲपला एवढी ताकद लागतच नाही. शिवाय व्हॉट्सॲपची सुरुवात ज्या ईजॅबरडी सर्व्हरपासून झाली, तो मुक्त स्रोत आहे. तो बसवायचा, फोनवर एक्सएमपीपी या त्याच्या मेसेजिंग प्रोटोकॉलची तयार लायब्ररी जोडायची. अर्लांगची एकही ओळ न लिहिता काम भागतं.

गैरसमज २: भाषा जितकी वेगवान, तितका मेसेज लवकर पोचतो.

वस्तुस्थिती: ‘दोन टन बर्फ ठेवा’ हा मेसेज यूटीएफ-८ मध्ये जेमतेम ४२ बाइटचा. तो तयार करायला कोणत्याही भाषेत डोळ्याला जाणवेल इतका वेळ लागत नाही. वेळ जातो तो फोनला रेंज मिळण्यात. डिस्कॉर्डने २०२० मध्ये आपली एक सेवा ‘गो’मधून ‘रस्ट’मध्ये नेली, हे उदाहरण नेहमी दिलं जातं, पण ती अडचण प्रचंड भाराखालच्या सर्व्हरची होती. फोनसाठी हिशेब सोपा आहे. फक्त अँड्रॉइड हवं असेल तर कोटलिन. गुगलने २०१७ मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून पहिली पसंतीही. आयफोनही हवा आणि हाताशी माणसं कमी, तर फ्लटर, म्हणजे डार्ट भाषा. दोन्हींपैकी गटातल्यांना जी आधीच येते, ती घ्यावी.

गैरसमज ३: रेंज नसेल तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं दाखवलं की झालं.

वस्तुस्थिती: बोटीवर पुन्हा प्रयत्न करत बसायला सवड कुणाला आहे? मेसेज आधी फोनमध्येच साठवायचा आणि रेंज आली की ॲपने तो आपणहून पाठवायचा. साठवणीसाठी एसक्यूलाइट आणि तिच्यावर बसणारी रूम लायब्ररी, पाठवण्यासाठी वर्कमॅनेजर. दोन्ही अँड्रॉइडवर तयार मिळतात.

खरी मेख पुढे आहे. तांडेलाचा ‘दोन टन बर्फ ठेवा’ सर्व्हरला पोचला, पण पोचपावती परत येईपर्यंत रेंज गेली. फोनला वाटतं मेसेज गेलाच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. बर्फवाला दोनदा वाचतो आणि चार टन बर्फ काढतो. उपाय एकच: मेसेज लिहिला त्याच क्षणी फोनने त्याला स्वतःचा ओळखक्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने फक्त पोचपावती द्यायची. ही शिस्त कोणतीही भाषा आपणहून लावत नाही.

किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरच्या पुढे मोबाइलची रेंज सहसा मिळत नाही. म्हणून हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेने भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या साथीने २०१९ मध्ये ‘जेमिनी’ यंत्र आणलं. ‘गगन’ उपग्रहप्रणालीवरून आलेला इशारा ते यंत्र घेतं आणि ब्लूटूथने फोनमधल्या ॲपला देतं. संवाद एकतर्फी आहे, पण वादळाची सूचना इंटरनेटविना पोचते.

गैरसमज ४: सर्व्हरशी कनेक्शन कायम उघडं ठेवलं की मेसेज लगेच येतो.

वस्तुस्थिती: ॲप समोर उघडं असेपर्यंतच. फोन खिशात गेला की बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड ॲपचं नेटवर्क रोखतं. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून ‘डोझ’ ही सोय आहे. झोपलेल्या ॲपला जागं करायला गुगलची फायरबेस क्लाउड मेसेजिंग सेवा लागते, आयफोनला ॲपलची. फायरबेसच्या एका सूचनेत ४०९६ बाइट मावतात. तरी त्यात मजकूर कोंबू नये. ‘नवीन मेसेज आहे’ एवढी हाक द्यावी आणि मजकूर ॲपने सर्व्हरवरून आणावा.

गैरसमज ५: एन्क्रिप्शन आपणच लिहिलं की जास्त सुरक्षित, कारण ते कुणाला माहीतच नसतं.

वस्तुस्थिती: नेमकं उलट. वर्षानुवर्षं जगभरच्या तज्ज्ञांनी तपासलेली पद्धतच विश्वासाची. व्हॉट्सॲपनेही स्वतःची पद्धत न काढता सिग्नल या मेसेजिंग ॲपचा प्रोटोकॉल घेतला आणि २०१६ मध्ये तो सर्वांना लागू केला. सिग्नलची लिबसिग्नल लायब्ररी उघड आहे, पण तिचा परवाना एजीपीएल आहे. ती वापरून ॲप वाटायचं तर आपला कोडही खुला करावा लागतो. लायब्ररी घेण्याआधी परवाना वाचणं हा निवडीचाच भाग आहे.

गैरसमज ६: युनिकोड आहे म्हणजे मराठीचं काम आपोआप होतं.

वस्तुस्थिती: ‘रत्नागिरी’ आपण चार अक्षरांत वाचतो: र, त्ना, गि, री. कोटलिन किंवा डार्टला लांबी विचारली तर उत्तर येतं ९, कारण काना, वेलांटी, हलन्त सगळे सुटे मोजले जातात. सूचनेत जागा कमी म्हणून मजकूर आकड्यावर कापला, की ‘रत्’ एवढंच लटकतं. यासाठी अँड्रॉइडवर आयसीयू आणि डार्टमध्ये कॅरॅक्टर्स या लायब्रऱ्या आहेत.

शोधाची अडचण आणखी बारीक आहे. ‘वाऱ्याचा’मधला ऱ्या कुणाचा कीबोर्ड ‘ऱ’ला हलन्त लावून लिहितो, तर कुणाचा साध्या ‘र’ला हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही हा फरक मिटवत नाही. शोधासाठी मजकुराची वेगळी प्रत ठेवून तिच्यात एकच रूप करून घ्यावं, तर ‘वाऱ्याचा इशारा’ प्रत्येकाला सापडेल.

तेव्हा भाषेवर मतदान घेण्याआधी दोन फोन घ्या. एक एअरप्लेन मोडवर टाका, त्यावरून पाच मेसेज लिहा, ॲप बंद करा आणि मग नेट सुरू करा. दुसऱ्या फोनवर पाचच मेसेज, त्याच क्रमाने आणि न तुटलेल्या मराठीत आले, तर तुमची निवड बरोबर आहे; मग ती कोटलिन असो की डार्ट.