पाठदुखी आणि बुडणारी मजुरी

पाठदुखी हा वार्धक्याचाच आजार समजला जातो. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती व रुग्णांची संख्या ५० ते ५५ या कमावत्या वयात सर्वाधिक होती. सुमारे ९० टक्के रुग्णांत तिचे निश्चित शारीरिक कारण सापडत नाही. मणक्यांमधील चकतीची झीज एमआरआयमध्ये दिसते खरी. परंतु ती काहीही न दुखणाऱ्यांतही दिसते. ताप, पायांतील वाढता अशक्तपणा वा लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे असल्यास मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.

डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संघटनेने जुनाट दुखण्यासाठी व्यायाम व रुग्णशिक्षण सुचविले; कंबरपट्टा व ट्रॅक्शन सरसकट वापरू नयेत, असे सांगितले. म्हणजे उपयुक्त उपचार तुलनेने स्वस्तच आहेत. महाग आहे ती सवड. कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगारास आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. ५० किलोची पोती वाहणारा असंघटित हमाल सहसा या कक्षेबाहेर राहतो. हलके काम मागण्याचीही त्याला सोय नसते. तो वेदनाशामक गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्याखाली वाकतो.