सव्वीस जानेवारी आणि महाळुंग्याचा बाबू गेनू

स्वातंत्र्यदिन कोणता असे विचारल्यास शाळेतील लहान मूलही १५ ऑगस्ट असे उत्तर देईल, आणि ते बरोबरच आहे. परंतु १९३० पासून स्वराज्य मिळेपर्यंत हा मान २६ जानेवारीकडे होता. १९२९ च्या डिसेंबरात लाहोर येथे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, आणि कार्यकारिणीने जानेवारीतील शेवटचा रविवार प्रतिज्ञेसाठी नेमला. तो २६ तारखेस आला, इतकेच. मुहूर्त कोणी पाहिला नाही! १५ ऑगस्ट तर माउंटबॅटनसाहेबांची निवड. जपान शरण आले त्यास त्या दिवशी दोन वर्षे पुरी होत होती. आपल्या लोकांनी आपण होऊन नेमलेला दिवस वाया जाऊ नये, म्हणून १९४९ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या राज्यघटनेचा अंमल २६ जानेवारी १९५० पासून सुरू करण्यात आला.

त्या प्रतिज्ञेत नुसता जयजयकार नव्हता, हिशेब होता. हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न रोजचे सात पैसे. कराच्या शंभर रुपयांतील वीस शेतकऱ्याच्या साऱ्याचे, तीन मिठाचे. आणि सूतकताईसारखे धंदे बुडाल्यामुळे कुणबी वर्षाचे निदान चार महिने रिकामा. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी मुलखास हा हिशेब कोणी समजावून द्यावयास नको होता. येथील माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांकडे जात. त्यांतच आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद हा तरुण होता. प्रतिज्ञेच्याच वर्षी, १२ डिसेंबर १९३० रोजी, काळबादेवीत विलायती कापड भरलेल्या मोटारलॉरीपुढे तो आडवा झाला. लॉरी थांबली नाही. वय अवघे बावीस. प्रतिज्ञेतील कलमे त्याने वाचली असोत वा नसोत, त्यांचा अर्थ त्यास पुरता उमगला होता, असे मला वाटते.

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयास आज हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव पडले, ते मूळ गाव त्याच पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे. झेंडावंदनानंतर ही हकिकत सांगितली की एखादा मुलगा हमखास विचारी, “गुरुजी, मग स्वराज्यात आंबेगाव का बुडाले?” पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नव्हते. जे खरे तेच मी सांगे, की धरणाने खालची शेते भिजली आणि वरची माणसे उठली.