अर्ज चार, कचेऱ्या चार आणि वाडा अंधारात!

गेल्या वर्षी भीमजयंती होऊन महिनाही उलटला नव्हता, तोच एका गावच्या बौद्धवाड्यातील चौघे जण आमच्याकडे आले. मिरवणुकीवरून बाचाबाची झाली होती. त्यानंतर वाड्याकडे येणारी वाट काटेरी झुडपे टाकून अडवली गेली, खांबावरचा दिवा फुटला तो फुटलाच राहिला आणि गिरणीवाल्याने दळण घेणे बंद केले. या माणसांनी चार कचेऱ्यांत चार अर्ज दिले होते. ठाण्यात सांगितले, वाट हा महसूलचा विषय आहे. तहसीलमध्ये सांगितले, भांडणाचे पोलीस बघतील. ग्रामपंचायतीत दिव्यासाठी निधी नव्हता. आणि तंटामुक्त समितीच्या अध्यक्षांनी सल्ला दिला, "आपसांत मिटवा, गावाचं नाव कशाला खराब करता?" चारही अर्जांवर पोचेचे शिक्के होते. वाडा मात्र अंधारातच होता.

सर्व विभागांनी समन्वयाने काम केले तर समाज सुरक्षित होईल, असे राज्यकर्ते नेहमी सांगतात. आमचेही तेच म्हणणे आहे. आमचा प्रश्न एवढाच की, हा समन्वय नेमका कोणासाठी होतो?

खैरलांजी आठवा. भंडारा जिल्ह्यातील या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. ती काही अचानक कोसळलेली वीज नव्हती. त्याच महिन्याच्या सुरुवातीला या कुटुंबाच्या जवळच्या एका बौद्ध गृहस्थाला मारहाण झाली होती आणि मायलेकींनी आरोपींविरुद्ध साक्ष दिली होती. आरोपींना जामीन मिळाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी जमाव त्यांच्या घरावर चालून गेला. जामीन झाल्यावर साक्षीदारांच्या दारात एक शिपाई तरी उभा करावा, असे कोणालाही वाटले नाही. पोलीस, महसूल, न्यायालय, रुग्णालय, सगळी खाती जागेवर होती. त्यांच्या मधल्या फटीत चार जीव गेले. पुढे शवविच्छेदनसुद्धा दुसऱ्यांदा करावे लागले. आणि ॲट्रॉसिटीचे कलम? ते ना भंडाऱ्याच्या न्यायालयात २००८ साली टिकले, ना नागपूर खंडपीठापुढे २०१० साली.

कायदा अपुरा आहे म्हणून हे घडते काय? मुळीच नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील १९९५ चे नियम वाचा. सर्व विभागांना एका टेबलाशी बसवण्याची सोय त्यात आधीच केलेली आहे. नियम ३ प्रमाणे अत्याचारप्रवण गावे आधीच शोधून काढायची आहेत. नियम ६ प्रमाणे खबर मिळताच दंडाधिकाऱ्याने किंवा उपअधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याने घटनास्थळी पोहोचायचे आहे. नियम ११ प्रमाणे पीडितांना व साक्षीदारांना प्रवासखर्च व भत्ता द्यायचा आहे. नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती हवी. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, समाजकल्याण अधिकारी सदस्य सचिव, पोलीस अधीक्षक सदस्य. आमदार-खासदार तिच्यात आहेत, आपल्या समाजाचे अशासकीय सदस्यही आहेत. तीन महिन्यांतून किमान एक बैठक बंधनकारक आहे. २०१३ पासून उपविभागीय पातळीवरही अशीच समिती आहे. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीने जानेवारी व जुलै अशा दोन बैठका घ्यायच्याच आहेत.

२६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला. कलम १५-अ ने पीडित व साक्षीदारांचे संरक्षण हे शासनाचे कर्तव्य केले आणि जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा हक्क पीडिताला दिला. खैरलांजीत जी फट होती, ती बुजवण्यासाठीच जणू ही कलमे आली. पण कलम कागदावर असते आणि वाडा गावकुसाबाहेर. मधले अंतर अधिकाऱ्याने चालायचे असते.

आमचा कोर्टातला अनुभव असा की, बैठक ठरते, पुढे ढकलली जाते, झालीच तर चहा-बिस्किटांत संपते. अशासकीय सदस्य म्हणून आपलीच माणसे बसलेली असतात. त्यातील काहींना आपण कोणत्या नियमाखाली बसलो आहोत हेही ठाऊक नसते! हा दोष फक्त मनुवादी व्यवस्थेच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

याउलट दुसरा एक समन्वय फार जोमाने चालतो. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची, भाऊबंदकीची भांडणे गावातच मिटावीत, याला आमचा विरोध नाही. परंतु गाव तंटामुक्त ठरले की बक्षीस मिळणार असेल, तर तक्रार करणारा दलित हा गावाच्या बक्षिसातला अडथळा ठरतो. अत्याचार हा तंटा नव्हे. तंट्याला दोन बाजू असतात, अत्याचाराला एक गुन्हेगार व एक पीडित असतो. ॲट्रॉसिटीचा गुन्हा तडजोडीने मिटवण्याची तरतूद कायद्यात नाही, हे समितीच्या अध्यक्षांना कोण सांगणार?

२० मार्च २०१८ च्या निकालाने हा कायदा बोथट होऊ लागला, तेव्हा २ एप्रिलला देशभर माणसे रस्त्यावर उतरली. संसदेला कलम १८-अ आणावे लागले आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. कायदा वाचवण्यासाठी आपण लढलो. तो वापरण्यासाठी कधी लढणार?

त्या वाड्याचे पुढे काय झाले? आम्ही पाचवा अर्ज केला, तो थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, समितीचे अध्यक्ष म्हणून. सोबत माहितीच्या अधिकारात मागील दोन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्ते मागितली. पंधरवड्यात प्रांत, उपअधीक्षक आणि गटविकास अधिकारी एकाच दिवशी वाड्यावर आले. दुपारी वाट मोकळी झाली, संध्याकाळी दिवा लागला, रात्री गुन्हा नोंदला गेला. सहा आठवडे जे होत नव्हते, ते तीन खाती एकत्र येताच एका दिवसात झाले. खटला अजून चालू आहे. दळणासाठी बाया आजही शेजारच्या गावी जातात. लढाई संपलेली नाही, पण वाड्यात उजेड आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर नियम ५ प्रमाणे ती टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाणे सोडू नका. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे, हे नम्रपणे पण लेखी कळवा. १४५६६ हा हेल्पलाइन क्रमांक विहाराच्या भिंतीवर रंगवा. आणि दर तीन महिन्यांनी एकच प्रश्न विचारा: समितीची बैठक कधी झाली?

१९२७ साली महाडला पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, तेव्हा बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. कायद्याची वाट धरली आणि हल्लेखोरांना शिक्षा झाली. ती वाट आजही मोकळी आहे. तिच्यावर काटे टाकणारे आहेतच. ते उचलायला लावणारे आपण व्हायचे आहे.

जयभीम!