परीखान्यातला मराठी मास्तर
लेखमाला : पत्रास कारण की… लेखांक ५

जानेवारीतल्या महोत्सवात रत्नागिरीकर थिबा राजवाड्याच्या आवारात गाणे ऐकायला बसतात, तेव्हा समोर गवई असतो आणि पाठीशी एका हद्दपार राजाचे घर. ब्रह्मदेशच्या थिबाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून खाली ओढले. १९१० मध्ये तो या वाड्यात राहायला आला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला.

अशा मैफलीत एखादी चीज रंगात येते आणि अंतऱ्याच्या शेवटी 'सुजान' हा शब्द कानावर पडतो. व्रजभाषेत सुजान म्हणजे जाणता, चतुर. ऐकणाऱ्याला ते नायकाचे विशेषण वाटते. कधी असतेही. पण पुष्कळदा ती सही असते.

ही सही श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांची. ज्या लखनौत त्यांनी ती वर्षानुवर्षे केली, तिथेही एका हद्दपार राजाचीच वास्तू त्यांच्या वाट्याला आली होती. नवाब वाजिद अली शाहला इंग्रजांनी १८५६ मध्ये अवधमधून काढले. तो कलकत्त्याला गेला तो कायमचा. त्याच्या कैसरबागेतल्या परीखान्यात नाचगाण्याची तालीम चाले. पुढे त्याच परीखान्यात मॅरिस कॉलेजचे वर्ग भरू लागले, आणि त्या कॉलेजचे प्राचार्य होते मुंबईचे रातंजनकर मास्तर.

मागच्या लेखांकात पंडित विष्णु नारायण भातखंडे १९०४ च्या दक्षिणयात्रेत भेटले होते. कॉलेजची कथाही त्यांच्यापासूनच सुरू होते, आणि तिचा बराचसा भाग टपालाने पुढे सरकतो. भातखंडे मुंबईचे वकील. राय उमानाथ बली अवधमधल्या दर्याबादचे तालुकदार. या दोघांचा इंग्रजीतला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. संगीत कॉलेज काढायचे तर ते कुठे, पैसा कोण देणार, शिकवायचे काय, असे रोखठोक प्रश्न त्यात येतात. लखनौला १९२४ आणि १९२५ मध्ये संगीत परिषदा भरल्या. १९२६ मध्ये कॉलेज उघडले आणि त्याला संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव मिळाले.

आता प्रश्न माणसाचा होता. शास्त्र जाणणारे गात नव्हते आणि गाणारे उस्ताद पुस्तकाला हात लावायला तयार नव्हते. भातखंड्यांच्या हाताशी मात्र दोन्ही जमणारा एक तरुण होता.

रातंजनकरांचा जन्म मुंबईचा. वडील पोलीस खात्यात, पण सतारीचे शौकीन. मुलाचे पहिले गुरू कृष्णंभट्ट; मग अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा. भातखंड्यांशी गाठ पडली ती शाळकरी वयातच. पुढे बडोद्याला उस्ताद फैयाज खाँ यांची तालीम मिळाली. शिवाय हा गवई बी. ए. झालेला! १९२६ मध्ये तो लखनौला शिक्षक म्हणून गेला, १९२८ मध्ये प्राचार्य झाला आणि जवळजवळ तीन दशके तिथेच राहिला.

तिथे तो काय शिकवत होता, हे भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकाचे पान उघडले की दिसते. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असेल तर तो तीव्र. टिंब खाली तर मंद्र सप्तक, वर तर तार. समेला फुली, खालीला शून्य. त्रितालात नवव्या मात्रेवर हे शून्य येते. अक्षर लांबवायचे तर अवग्रह. एवढी लिपी कळली की लखनौला छापलेली चीज रत्नागिरीच्या मुलालाही वाचता येते. या अर्थाने नोटेशन हेही पत्रच.

आणि पत्राची जी अडचण तीच नोटेशनची. मजकूर पोचतो, आवाज मागे राहतो. दरबारीतला गंधार कोमल आहे, एवढे रेघ सांगते. तो किती हेलावायचा, किती खाली टेकवायचा, हे नाही सांगत. फैयाज खाँसाहेबांची नोम्-तोम् आलापी कुठल्या चौकटीत बसवणार? भातखंडे पद्धतीवर उस्तादांचा आक्षेप नेमका हाच होता, आणि तो खोटा नव्हता. रातंजनकरांचे उत्तर वादातले नव्हते. वर्गात फळ्यावर चीज, आणि घरी गुरुकुल. बैलहोंगलचा कृष्ण गुंडो गिंडे हा अकरा वर्षांचा मुलगा १९३६ मध्ये लखनौला आला तो अण्णासाहेबांच्या, म्हणजे रातंजनकरांच्या, घरातच वाढला. त्याच साली १९ सप्टेंबरला भातखंडे गेले.

चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर ही सारी याच मुशीतली. चित्रपट संगीतकार रोशनही तिथलेच विद्यार्थी.

रचनाकार रातंजनकर मात्र या मास्तरकीच्या आड थोडे झाकले गेले. खयाल, तराणे, लक्षणगीते तर त्यांनी बांधलीच. पण कर्नाटक संगीतातल्या वर्णमाचा साचा उचलून हिंदुस्तानी रागांत वर्णमे रचण्याचे धाडसही केले. केदार बहार, सावनी केदार असे जोडराग त्यांच्या नावावर आहेत. 'अभिनव गीतमंजरी'च्या तीन भागांत या रचना स्वरलिपीसह छापल्या आहेत. नाममुद्रांचीही वंशावळ पाहण्यासारखी आहे : भातखंडे 'चतुर', फैयाज खाँ 'प्रेमपिया', रातंजनकर 'सुजान' आणि गिंडे 'सुजानसुत'.

सगळेच काही गोड नव्हते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीने गायक-वादकांची चाचणी घ्यायचे ठरवले आणि परीक्षक मंडळाची धुरा रातंजनकरांकडे आली. मैफली गाजवलेल्या कलावंतांना परीक्षेला बसवायचे? मोठा गदारोळ झाला. 'कॉलेजवाले' आणि 'घराणेवाले' ही जुनी तेढ त्यात पुन्हा वर आली.

१९५६ मध्ये खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले, त्याचे कुलगुरुपद त्यांच्याकडे आले. १९५७ मध्ये पद्मभूषण मिळाले. खैरागढहून ते मुंबईला परतले, आपल्या गुरूचे, भातखंड्यांचे, चरित्र लिहून दिले आणि १४ फेब्रुवारी १९७४ रोजी गेले. तोवर गिंडे आणि भट शीवच्या वल्लभ संगीतालयात लखनौची तालीम पुढच्या पिढीला देऊ लागले होते.

(पुढील आठवड्यात : 'सुजानसुत' गिंडे आणि शीवचे वल्लभ संगीतालय)