नॉर्दॅम्प्टन : एका नगरसभेची आठ शतके

इंग्लंडच्या मध्यभागातील नॉर्दॅम्प्टन हे शहर पादत्राणांच्या कारखानदारीसाठी प्रसिद्धीस आले. १८८९ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनास उपस्थित राहिलेले चार्ल्स ब्रॅडलॉ हे याच शहराचे पार्लमेंटमधील प्रतिनिधी होते. या शहराच्या स्थानिक कारभाराचा इतिहास आठशे वर्षांहून अधिक जुना आहे. २०२१ साली त्यास मिळालेले वळण मात्र स्थानिक स्वराज्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने विचारात घ्यावे असे आहे.

सनद आणि निवडणूक

राजा पहिला रिचर्ड याने ११८९ मध्ये शहरास सनद दिली. पुढे नागरिकांच्या सभेतून कारभारी निवडले जाऊ लागले. परंतु १४८९ च्या कायद्याने ही प्रथा मोडली आणि सत्ता अठ्ठेचाळीस निवडक व्यक्तींच्या हाती गेली. १८३५ च्या नगरपालिका कायद्याने करदात्यांना सभासद निवडण्याचा अधिकार मिळाला व हिशेबांची तपासणी आवश्यक ठरली. १८८८ च्या कायद्यान्वये शहरास काउंटीच्या बरोबरीचा दर्जा प्राप्त झाला. १९७४ च्या पुनर्रचनेत हा दर्जा गेला. शिक्षण, समाजकल्याण व रस्ते हे विषय काउंटी परिषदेकडे सोपविण्यात आले, तर गृहनिर्माण, कचरा उचलणे यांसारखी कामे शहराच्या बरो परिषदेकडे राहिली.

आर्थिक संकट

इंग्लंडमधील १९८८ च्या स्थानिक वित्त कायद्याचे कलम ११४ महत्त्वाचे आहे. खर्च उत्पन्नापेक्षा अधिक होणार असे दिसताच परिषदेच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याने तशी नोटीस काढावी लागते. त्यानंतर कायद्याने बंधनकारक असलेल्या सेवांखेरीज नवा खर्च थांबतो. नॉर्दॅम्प्टनशायर काउंटी परिषदेत अशी नोटीस फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि पुन्हा त्याच वर्षीच्या जुलैमध्ये निघाली. त्यापूर्वी काही महिनेच, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सुमारे ५ कोटी ३० लाख पौंड खर्चून बांधलेल्या नव्या मुख्यालयाचे उद्घाटन झाले होते.

सरकारने नेमलेले निरीक्षक मॅक्स कॅलर यांनी मार्च २०१८ मध्ये अहवाल दिला. अनुदानाच्या बाबतीत या परिषदेवर इतरांच्या तुलनेत अन्याय झाला, हे म्हणणे त्यांना पटले नाही. दोष अंदाजपत्रकावरील सैल नियंत्रणात व व्यवस्थापनात होता. जुनी घडी मोडून दोन नव्या परिषदा स्थापाव्यात, अशी त्यांची शिफारस होती.

आजची रचना

१ एप्रिल २०२१ रोजी काउंटी परिषद आणि तिच्या क्षेत्रातील सात जिल्हा व बरो परिषदा विसर्जित झाल्या. त्यांत नॉर्दॅम्प्टनची बरो परिषदही होती. नोटीस काउंटीची होती. तरीही शहराची जुनी संस्था तिच्याबरोबर संपुष्टात आली. शाळा, समाजकल्याण, रस्ते, नियोजन व कचरा हे सर्व विषय आता वेस्ट नॉर्दॅम्प्टनशायर परिषदेकडे आहेत.

शहराचा स्वतःचा आवाज राहावा म्हणून पंचवीस सभासदांची नगरसभा स्थापन करण्यात आली. कायद्याने तिचा दर्जा पॅरिश परिषदेचा, म्हणजे आपल्याकडील ग्रामपंचायतीप्रमाणे सर्वांत खालच्या पायरीवरचा आहे. भाजीपाल्याच्या लागवडीसाठी नागरिकांना द्यावयाचे भूखंड, स्थानिक संस्थांना अनुदान आणि सार्वजनिक उत्सव ही तिची प्रमुख कामे होत. बांधकामाच्या अर्जांवर ती मत देऊ शकते. निर्णय मात्र वरिष्ठ परिषदेचा असतो. आपला कराचा हिस्सा ती स्वतः ठरविते आणि वरिष्ठ परिषद तो वसूल करून देते. महापौरपदाची परंपरा तिने जतन केली आहे.

सनदेची प्राचीनता संस्थेला मान देते. तिचे आयुष्य मात्र दरवर्षीच्या ताळेबंदावर अवलंबून असते. शेजारच्या किंवा वरिष्ठ संस्थेचा हिशेब बिघडला, तर त्याची किंमत दुसऱ्या संस्थेलाही मोजावी लागू शकते, हे नॉर्दॅम्प्टनने दाखवून दिले आहे.