क्रूझवर घालायचे काय?

दिवाळीची किंवा नाताळची सुटी जवळ आली की वसई-विरारच्या घराघरांत सहलीचे बेत शिजू लागतात. माथेरान, महाबळेश्वर, गोवा ही ठरलेली नावे. अलीकडे त्यांत क्रूझची भर पडली आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून प्रवासी घेऊन निघाले आणि गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सागरी सफरींचा विचार मध्यमवर्गीय कुटुंबेही करू लागली. तिकिटे निघतात, रजा मंजूर होते आणि मग एके रात्री जेवणे आटोपल्यावर घरातली आजी हळूच विचारते, ‘‘तिथे नऊवारी चालते का रे?’’

प्रश्न साधा आहे. त्यामागचा संकोच मात्र साधा नाही. जाहिरातींतल्या क्रूझवर पुरुष काळ्या सुटात असतात आणि स्त्रिया पायघोळ गाऊनमध्ये. ती चित्रे पाहून एखादा गृहस्थ तीन दिवसांसाठी सूट शिवून घेतो, एखादी गृहिणी उंच टाचांचे बूट विकत घेते. त्याहून वाईट म्हणजे आजी म्हणते, ‘‘तुम्ही जा, मी घर राखते.’’ कपड्यांच्या धास्तीपायी घरातले एक माणूस मागे राहावे, याला काही अर्थ नाही. म्हणून हा विषय जरा नीट समजून घ्यायला हवा.

पहिली गोष्ट म्हणजे जहाजाचा प्रवास आपल्या किनाऱ्याला नवा नाही. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींनी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला गेलेली पिढी अजून आपल्यात आहे. पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि अंगावरचे नेहमीचे कपडे एवढ्यावर ती माणसे रात्र काढीत. ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग त्याच प्रवासाने मराठीला दिला. पुढे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘आंग्रिया’ ही आरामबोट मुंबई-गोवा मार्गावर आली. सोयी बदलल्या, पण समुद्र तोच आहे. त्यामुळे कपड्यांची निवड करताना आधी वाऱ्याचा, थंडीचा आणि ओल्या फळीचा विचार करावा. लोक काय म्हणतील याचा नंतर.

एका जहाजावर तीन हवामाने

क्रूझचे जहाज म्हणजे तरंगते बहुमजली हॉटेल असते. त्यात एकाच दिवसात तीन वेगवेगळी हवामाने भेटतात. उघड्या डेकवर ऊन, वारा आणि खारी हवा. आत भोजनगृहात, नाट्यगृहात आणि केबिनमध्ये वातानुकूलन यंत्राचा गारवा. आणि बंदरावर उतरले की किनाऱ्यावरचा दमट उकाडा. एकच जाड किंवा एकच पातळ कपडा या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडत नाही. थरावर थर घालता येतील असे कपडे न्यावेत, हा यातला मूळ नियम. सुती सदरा किंवा कुर्ता, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर किंवा पातळ जाकीट, आणि प्रत्येकाची एक शाल अथवा चादर. दिल्लीच्या थंडीचे जाड लोकरी कपडे येथे केवळ ओझे होतात.

डेकवरच्या वाऱ्याचे एक गणित आहे. जहाजाचा वेग ‘नॉट’मध्ये मोजतात आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. जहाज १५ नॉटने चालले असेल, तर ताशी सुमारे २८ किलोमीटर वेग झाला. म्हणजे आकाशात एक पान हलत नसले, तरी डेकवर उभ्या माणसाला तेवढा वारा लागणारच. समोरून खरा वारा येत असेल, तर त्याची त्यात भर. रेल्वेच्या डब्याच्या दारात उभे राहिल्यावर जे होते, तेच येथे तासन् तास होत राहते. सैल ओढणी, उघडा पदर, पट्टी नसलेली टोपी आणि घेरदार झगा यांची तिथे फजिती होते. याची चाचणी घरबसल्या नाही, तरी घराजवळ घेता येते. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये विरारचे मारंबळपाडा ते पलीकडचे जलसार अशी दुसरी सेवा सुरू झाली. न्यायचे ठरवलेले कपडे घालून एकदा त्या बोटीच्या कठड्याशी उभे राहावे. खाडीच्या वाऱ्यात जे अंगावर नीट राहात नाही, ते समुद्रावर मुळीच राहणार नाही.

या कसोटीला आजीची नऊवारी उत्तम उतरते. कासोटा घातलेला, पदर खोचलेला. चालायला मोकळी आणि वाऱ्याला न जुमानणारी. आपल्या वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती बायकांच्या तांबड्या लुगड्याचेही तेच. समुद्राकाठच्या माणसांनी शतकानुशतके वापरून पारखलेली ही वस्त्रे आहेत. पाचवारी नेसणाऱ्यांनी पदराला खांद्यावर आणि कमरेशी पिना लावल्या की झाले.

संध्याकाळचा पोशाख

सर्वांत मोठी धास्ती असते ती रात्रीच्या जेवणाची. परदेशी जहाजांवर ‘फॉर्मल नाइट’ नावाची एक प्रथा आहे. कनार्डसारख्या जुन्या ब्रिटिश कंपनीत ती अजून कसोशीने पाळली जाते. अनेक कंपन्यांनी ती बरीच सैल केली आहे. जिथे ती आहे, तिथेही सहसा मुख्य भोजनगृहापुरतीच असते. बुफे असलेल्या उपाहारगृहात साध्या नीटनेटक्या कपड्यांत जेवता येते. सिंगापूरला विमानाने जाऊन तिथून क्रूझ घेणाऱ्यांनी आपल्या कंपनीचा नियम तिकिटासोबतच्या माहितीपत्रकात वाचून घ्यावा. मुंबईहून निघणाऱ्या छोट्या सफरींत कुटुंबे सुटीच्या मोकळेपणानेच वावरतात.

आणि जिथे भारदस्त पोशाख हवा असतो, तिथेही साडी हा भारदस्त पोशाखच मानला जातो. ठेवणीतली एक रेशमी साडी, पुरुषांसाठी कुर्ता-पायजमा किंवा बंद गळ्याचा कोट, मुलांसाठी एक चांगला सदरा आणि पूर्ण विजार एवढ्यावर कोणत्याही भोजनगृहाचे दार उघडते. टाळायच्या गोष्टी थोड्याच : ओले पोहण्याचे कपडे, गंजीफ्राक, रात्रीचा गाऊन आणि अनवाणी पाय. कधी कधी एखाद्या ठरावीक रंगाची संध्याकाळ जाहीर होते. तेव्हा त्या रंगाची ओढणी किंवा सदरा पुरतो. त्यासाठी नवा पोशाख शिवण्याची गरज नाही.

येथे एक व्यावहारिक अडचण ध्यानात घ्यावी. आगीच्या भीतीने जहाजावर इस्त्री आणि पाणी उकळायची किटली बहुधा नेऊ देत नाहीत. धुलाईचे वेगळे पैसे पडतात. केबिनमध्ये ओले कपडे लवकर वाळत नाहीत आणि गॅलरीच्या कठड्यावर वाळत घालता येत नाहीत, कारण वाऱ्याने उडून ते खालच्या डेकवर नाही तर समुद्रात जातात. म्हणून न चुरगळणारे, मिश्र धाग्याचे कपडे न्यावेत. कडक इस्त्रीची सुती साडी घरी राहू द्यावी.

पायात काय?

अंगावरच्या कपड्यांपेक्षा पायातल्या वस्तूची निवड अधिक महत्त्वाची आहे. डेकची फळी पाण्याने आणि खाऱ्या दवाने ओली असते. डेकवर उघडणाऱ्या दारांना उंच लोखंडी उंबरठे असतात. जहाज हलते तेव्हा जिना पायाखालून सरकल्यासारखा वाटतो. झिजलेल्या तळाची चप्पल आणि उंच टाचा या दोन्ही गोष्टी अशा ठिकाणी धोक्याच्या. रबरी तळाची, मागे पट्टा असलेली सँडल हे घरातल्या प्रत्येकासाठी सर्वांत उपयुक्त पादत्राण. नवीन घेतली असेल, तर आठ-दहा दिवस आधीपासून वापरून पाय रुळवावेत.

यामागे केवळ सोय नाही, सुरक्षितताही आहे. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज रात्री, जेवणाच्या वेळी खडकावर आदळले. ३२ जणांचा बळी गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. २०१५ पासून प्रवाशांची आणीबाणीची तालीम जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घ्यावी लागते. त्या तालमीला बूट किंवा पट्ट्याची सँडल घालून जावे. जीवरक्षक जाकीट साडीवर कसे बांधायचे, पदर कुठे खोचायचा, हे तिथेच विचारून घ्यावे. आणि रोज रात्री झोपताना चष्मा, पादत्राण व एक उबदार वस्त्र हाताशी ठेवावे.

तलाव आणि तीर

मुलांचा जीव असतो तो जहाजावरच्या पोहण्याच्या तलावात. तिथे नायलॉन किंवा लायक्राचाच पोशाख लागतो. सुती चड्डी-बनियन किंवा पंजाबी ड्रेस चालत नाही, कारण सुताचे धागे गाळणीत अडकतात आणि भिजलेले सूत जड होऊन पोहणाऱ्याला खाली ओढते. कोपर-गुडघे झाकणारा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो. स्त्रियांनी तो निःसंकोच वापरावा. प्रत्येकाला दोन जोड घ्यावेत, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा कामी येतो. लंगोटातल्या बाळांना मोठ्या तलावात सहसा प्रवेश नसतो. टॉवेल जहाजावर मिळतात. ते नेऊ नयेत.

बंदरावर उतरताना पोशाख बदलतो. गोव्यात जुन्या गोव्याचे बॉम जेझू चर्च किंवा मंगेशीचे देऊळ पाहायचे असेल, तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हे वसईकराला वेगळे सांगायला नको. आपल्या चर्चमध्ये आणि देवळात आपण तसेच जातो. लक्षद्वीपमध्ये जहाज दूर उभे राहते आणि छोट्या बोटीने किनारा गाठावा लागतो. पाय भिजणार हे धरूनच चालावे, विजार गुडघ्यापर्यंत दुमडता यावी. तिथली वस्ती बहुतांशी मुस्लिम आणि साध्या राहणीची आहे. गावात फिरताना अंगभर कपडे असावेत. प्रवाळावर चालताना अनवाणी राहू नये.

हातातली पिशवी

क्रूझवरचा नवखा प्रवासी हमखास फसतो तो सामानाच्या व्यवस्थेत. बंदरावर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात, तपासतात आणि केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. यात काही तास जातात. तोवर मुलांना तलाव दिसलेला असतो आणि आजीच्या गोळ्यांची वेळ झालेली असते. म्हणून औषधे, ओळखपत्रे, चष्मा, पोहण्याचे कपडे, मुलांचा एक बदलायचा जोड आणि शाल हातातल्या पिशवीत ठेवावी. बोट लागण्याची सवय असणाऱ्यांनी आणखी एक जोड त्यातच ठेवावा आणि कमरेला घट्ट बसणारे कपडे टाळावेत.

परतीच्या आदल्या रात्री उलटा प्रकार होतो. मोठ्या बॅगा झोपण्यापूर्वी केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे बाजूला न काढता बॅगा बाहेर ठेवणाऱ्यांना रात्रीच्याच कपड्यांत मुंबईत उतरावे लागते! उतरण्याचे कपडे आणि पादत्राण आधी काढावे, मगच बॅग बंद करावी.

विरार लोकलची कसोटी

शेवटी सामान किती, याचे उत्तर जहाजाने नव्हे, विरार लोकलने द्यावे. क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. तिथल्या नव्या इमारतीचे उद्घाटन २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झाले. विरारहून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर आणि पुढे टॅक्सी. जिन्यावरून ज्याची बॅग त्याला एकट्याने उचलता आली पाहिजे, हे माप पक्के धरावे. टर्मिनलवर पोहोचण्याची वेळ दुपारची असेल, तर सकाळची गर्दी ओसरल्यावर निघावे. परतताना मात्र नशीब साथ देते. जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि त्या वेळी विरारकडे येणाऱ्या गाड्यांना मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांइतकी गर्दी नसते.

तीन रात्रींच्या सफरीला माणशी एवढे पुरे : दिवसा वापरायचे तीन साधे जोड, संध्याकाळसाठी एक चांगला आणि एक बरा जोड, रात्रीचे कपडे, आतले कपडे चार-पाच, पोहण्याचे दोन, शाल किंवा स्वेटर एक, गळ्याखाली बांधता येणारी टोपी आणि पट्ट्याची सँडल. चांगल्या पोशाखावर शोभेल असा साधा सपाट बूट असल्यास उत्तम. दागिने घरीच बरे.

या यादीतले नवे काय घ्यावे लागेल? बहुतेक घरांत पोहण्याचे कपडे आणि कदाचित सँडल. बाकी सारे कपाटात आहे. सुटाचे वाचलेले पैसे आजीच्या तिकिटाला लावावेत आणि तिच्या बॅगेत तिच्या तीन नऊवाऱ्या घालाव्यात. संध्याकाळी डेकवर सगळ्यांच्या ओढण्या उडत असतील, तेव्हा पदर खोचून निवांत बसलेली ती एकटीच असेल.